पदकाच्या दोन बाजूंचा मेळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी लेझर कोरीवकामाची लहान कार्यशाळा आहे. तेथील यंत्र ६० वॅट काचनळीचे, कार्बन डायऑक्साइड प्रकारचे असून त्याचा बेड, म्हणजे काम ठेवायचा पृष्ठभाग, ९०० गुणिले ६०० मिलिमीटरचा आहे. नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे, पत्रिकांचे कटिंग अशी एका बाजूची कामे त्यावर नेहमी चालतात. एका लांब पल्ल्याच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी लाकडी पदके करण्याचे काम आले, तेव्हा मात्र दोन्ही बाजूंवर कोरायचे होते. पुढच्या बाजूला किल्ल्याची रेखाकृती, मागच्या बाजूला धावपटूचे नाव आणि क्रमांक, आणि दोन्हीकडे कडेपासून २ मिलिमीटर आत एक बारीक गोल रेघ, असे त्या पदकाचे स्वरूप होते. पदक ६० मिलिमीटर व्यासाचे होते आणि त्यासाठी निवडलेले बर्च प्लाय ४ मिलिमीटर म्हणून विकले जात असले, तरी प्रत्यक्षात ३.७ मिलिमीटर जाडीचे भरत होते.

आयोजकांना काळजी होती ती शेकडो निरनिराळ्या नावांची. नावांची यादी संगणकाला एकदा नीट दिली की ती आपोआप जागच्या जागी बसतात, त्यामुळे मला त्यांची चिंता नव्हती. माझे लक्ष त्या बारीक रेघेवर होते. कडेला समांतर जाणारी रेघ डोळ्याला मोजपट्टीचे काम देते. आकृती ०.२ मिलिमीटर सरकली, तर रेघेबाहेरची पट्टी एका अंगाला १.८ आणि समोरच्या अंगाला २.२ मिलिमीटर उरते, आणि ज्याने आयुष्यात कधी कॅलिपर हातात धरला नाही अशा माणसालाही काहीतरी तिरके दिसते आहे हे जाणवते. नुसती चित्रे असती, तर अर्धा मिलिमीटरही खपून गेला असता.

एकाच बाजूवर कोरून त्याच बैठकीत तुकडा कापला, तर हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण कोरणे आणि कापणे ही दोन्ही कामे यंत्राच्या एकाच मोजणीत होतात. तुकडा बेडवरून उचलला की ती मोजणी तुटते. परत ठेवताना तो आडवा किती सरकला, उभा किती सरकला आणि स्वतःभोवती किती फिरला, अशा तीन गोष्टी पुन्हा जुळवाव्या लागतात. चौकोनी तुकडा निदान आपली दिशा सांगतो. गोल तुकडा काहीच सांगत नाही, आणि म्हणून पदकात तिसरी गोष्ट, म्हणजे कोन, सर्वांत जास्त त्रास देते.

त्याआधी तुकडा कोणत्या रेषेभोवती उलटायचा हे निश्चित करावे लागते. आपले रुपयाचे नाणे डावीकडून उजवीकडे, पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले, तर मागची बाजूही सरळच दिसते. अमेरिकी नाणे तसे फिरवले, तर मागची बाजू उलटी येते, कारण ते वरून खाली उलटण्याच्या हिशेबाने पाडलेले असते. गळ्यात घालायच्या पदकाला फितीचे छिद्र वर असते आणि ते छातीवर रुळताना उभ्या अक्षाभोवतीच फिरते, म्हणून उलटण्याचा अक्ष उभा, छिद्रातून आणि केंद्रातून जाणारा, असा ठरला. ही निवड किरकोळ वाटली, तरी पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे राहिले.

सर्वांत सोपी आणि बहुतेकांना ठाऊक असलेली रीत मी प्रथम वापरून पाहिली. प्लायचा ताव बेडवर घट्ट बसवायचा, पुढची बाजू कोरायची, गोल कापायचा, ताव तसाच ठेवून फक्त गोल उचलायचा, उलटायचा आणि त्याच भोकात परत ठेवून मागची बाजू कोरायची. यंत्राने स्वतःच केलेले ते घर असल्यामुळे त्याची जागा शोधावी लागत नाही. अडचण येते ती कर्फची. किरण जेवढ्या रुंदीचे लाकूड जाळून टाकतो त्याला कर्फ म्हणतात. तो मोजण्यासाठी एका पट्टीत सारख्या अंतरावर अकरा छेद घ्यावेत, सुटलेले दहा तुकडे एकमेकांना टेकवून त्यांची एकत्र लांबी व्हर्नियरने मोजावी आणि अपेक्षेपेक्षा जेवढी कमी भरेल तिला दहाने भागावे. माझ्या यंत्रावर या प्लायसाठी तो ०.१८ मिलिमीटर निघाला. म्हणजे ६० मिलिमीटरचा म्हणून कापलेला गोल ५९.८२ चा होतो, त्याचे भोक ६०.१८ चे होते आणि गोल त्यात चोहोबाजूंनी ०.१८ मिलिमीटर हलू शकतो. आपल्याला नको असलेली चूक नेमकी एवढीच असते.

शिवाय कापलेली कड अगदी उभी नसते. किरण भिंगातून एका बिंदूकडे निमुळता होत येतो आणि पुढे पुन्हा पसरतो, त्यामुळे छेद साधारणपणे वर रुंद आणि खाली अरुंद होतो, आणि तुकडा वर किंचित लहान, खाली किंचित मोठा निघतो. तुकडा जसा कापला तसाच घरात ठेवला, तर वरची फट मोठी आणि खालची लहान असते. उलटून ठेवला, तर त्याची उतरती कड घराच्या उतरत्या कडेला समांतर येते आणि फट वरपासून खालपर्यंत सारखी होते. थोडक्यात, पुढच्या आणि मागच्या बाजूला तुकडा एकाच घरात एकाच तऱ्हेने बसत नाही. मोठ्या आकाराच्या, कडेला रेघ नसलेल्या कामासाठी मी अजूनही हीच रीत वापरते, कारण ती झटपट आहे. पदकांना ती पुरली नाही.

संपूर्ण तावच उलटण्याचा दुसरा मार्ग होता. त्यात तावाच्या कडा गुण्यात असाव्या लागतात आणि बाजारातल्या प्लायच्या कडा तशा असतीलच असे नाही, हा एक भाग झाला. त्याहून मोठी अडचण नावांची. ताव उभ्या अक्षाभोवती उलटला की ओळीतले पहिले पदक शेवटी जाते आणि शेवटचे पहिले येते. पुढच्या बाजूला क्रमांक आणि मागे नाव असे काम असेल, तर मागच्या बाजूची यादी प्रत्येक ओळीपुरती उलट्या क्रमाने लावावी लागते. एका ओळीत जरी ही गफलत झाली, तरी भलत्याच धावपटूचे नाव भलत्याच क्रमांकामागे जाईल. प्रत्येक पदक आपापल्या घरात उलटले, तर क्रम बदलत नाही. तेवढ्या एका कारणासाठीही स्वतंत्र घरे असलेला जिग, म्हणजे तुकडे ठरल्या जागी धरून ठेवणारा साचा, करणे मला योग्य वाटले.

माझा जिग म्हणजे पायाची ६ मिलिमीटरची एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली) पाटी आणि तिच्यावर चिकटवलेली ३ मिलिमीटरची, घरे कापलेली पाटी. घरे बारा ठेवली. एमडीएफमध्ये कर्फ ०.१६ मिलिमीटर येत होता, म्हणून घराचा व्यास आराखड्यात ५९.७० ठेवला, म्हणजे कापल्यावर तो ५९.८६ होईल आणि ५९.८२ च्या पदकाला एकूण ०.०४ मिलिमीटरची मोकळीक मिळेल. कागदावर हे उत्तम होते. प्रत्यक्षात काही पदके पुढची बाजू वर असताना घट्ट बसत आणि उलटल्यावर सैल होत, कारण वर सांगितलेला कडेचा उतार. काही पदके बोटाने दाबूनही तळाला टेकत नसत. प्लायच्या तावातल्या दमटपणाप्रमाणे, नळीच्या तापमानाप्रमाणे कर्फ शतांशाने बदलतो, आणि ०.०४ ची मोकळीक असल्या बदलात सहज नाहीशी होते.

आमच्या शेजारी साचे करणारी एक टूलरूम आहे. तेथले मिस्त्री चहाच्या वेळी माझ्याकडे डोकावतात. त्यांनी जिग हातात घेतला, एक पदक घरात घालून काढले आणि विचारले, “ताई, गोलाला गोल घर कशापायी? खाली व्ही द्या की. दोन ठिकाणी टेकला, वरनं दाबला, मग हलायचा कुठं?”

टूलरूममध्ये ही गोष्ट शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी सांगतात. वस्तू धरायची तर तिला तळाला तीन ठिकाणी, एका बाजूला दोन ठिकाणी आणि तिसऱ्या बाजूला एका ठिकाणी टेकवायचे आणि तेथेच थांबायचे. त्याहून जास्त ठिकाणी स्पर्श झाला, तर कोणता स्पर्श खरा आणि कोणता सैल हे दर तुकड्याला बदलत राहते. माझे गोल घर पदकाला सगळीकडून शिवू पाहत होते आणि म्हणून कोठेच खात्रीने शिवत नव्हते.

मिस्त्रींच्या सूचनेतला खरा फायदा मला घर नव्याने आखताना कळला. व्ही, म्हणजे त्या इंग्रजी अक्षराच्या आकाराची खाच, खाली आणि उलटण्याच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखी असेल, तर पदकाचा व्यास कितीही असो, त्याचे केंद्र आडव्या दिशेत त्या अक्षावरच राहते. व्यास कमीजास्त झाला, तर केंद्र फक्त वरखाली होते. ९० अंशांच्या व्हीमध्ये व्यासातला ०.०५ मिलिमीटरचा फरक केंद्राला सुमारे ०.०३५ मिलिमीटर वर किंवा खाली नेतो आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच नेतो, कारण उभ्या अक्षाभोवती उलटताना वरचे वरच राहते. म्हणजे व्यासातल्या बदलाने दोन बाजूंचा आपसातला मेळ बिघडत नाही. व्ही आडवी, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवली असती, तर तोच फरक दोन बाजूंना विरुद्ध दिशांना गेला असता आणि दुप्पट दिसला असता. व्हीच्या समोर, वरच्या अंगाला, त्याच एमडीएफमधून २ मिलिमीटर रुंदीची लवचीक पट्टी कापून ठेवली. पदक आत घालताना ती किंचित मागे जाते आणि त्याला व्हीमध्ये दाबून धरते. ॲक्रिलिकची तशी पट्टी चटकन मोडते. एमडीएफची एका मोठ्या कामापुरती टिकते.

कोनासाठी फितीच्या छिद्राचा उपयोग केला. छिद्र आराखड्यात ४.८५ मिलिमीटरचे ठेवले, ते कापल्यावर ५.०३ चे झाले आणि त्यात ५ मिलिमीटरची पोलादी डॉवेल पिन नीट जाते. मात्र पिन पूर्ण गोल ठेवली, तर व्ही एक सांगणार आणि पिन दुसरे सांगणार, आणि पदक पुन्हा तळाला टेकणार नाही. म्हणून पिनेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला कानस मारून ती चपटी केली. आता ती पदकाला डावीउजवीकडे फिरू देत नाही, पण वरखाली हलायला मोकळीक देते, आणि ती मोकळीक व्हीच्या दिशेनेच आहे. पिन पायाच्या पाटीतून फक्त २ मिलिमीटर वर ठेवली, कारण किरण जिथून बाहेर पडतो ते नोझल बेडच्या अगदी जवळून फिरते आणि पदकाच्या पृष्ठभागाच्या वर काही डोकावत असेल, तर त्याला धडकेल. घराच्या एका अंगाला बोट घालण्यापुरती अर्धचंद्राकृती खाच अवश्य ठेवावी. ती नसेल, तर घट्ट बसलेले पदक काढण्यासाठी लोक पातळ पाते घालतात आणि नेमकी टेकणारी कड खरवडली जाते.

जिग बेडला स्क्रूने पक्का केला आणि वरच्या पाटीतली घरे तो बेडवर बसवल्यानंतरच कापली. सॉफ्टवेअर मी लाइटबर्न वापरते. त्यात कामाची सुरुवात यंत्राच्या किरण सोडणाऱ्या फिरत्या डोक्याच्या सध्याच्या जागेपासून न धरता यंत्राच्या निरपेक्ष मोजणीतून धरली, म्हणजे डोके कोठेही उभे असले, तरी आकृती घरांच्या जागीच पडते. यंत्रावरचा लाल ठिपका या कामात बाजूला ठेवला. तो ठिपका तिरक्या बसवलेल्या छोट्या दिव्यातून येतो, त्यामुळे बेड वरखाली केला की तो खऱ्या किरणाच्या जागेपासून सरकतो. छतावरच्या कॅमेऱ्याने दाखवलेल्या चित्रावरही भिस्त ठेवली नाही. माझ्याकडे कॅमेऱ्याची जुळणी चांगली झाली, तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा फरक राहतो आणि वस्तूची जाडी बदलली की तो वाढतो. तावातली उरलेली जागा शोधायला कॅमेरा उत्तम आहे.

आता जुळले की नाही हे तपासायचे कसे, हा या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. प्लायच्या पदकाची एक बाजू पाहताना दुसरी दिसत नाही. म्हणून ३ मिलिमीटर पारदर्शक ॲक्रिलिकचे त्याच आराखड्यातले पदक कापले, त्याला घरात घालून एका बाजूवर बारीक अधिकचिन्ह कोरले, ते उलटले आणि दुसऱ्या बाजूवर तेच चिन्ह पुन्हा कोरले. पांढऱ्या कागदावर ठेवून दहा पटींच्या, आत मोजपट्टी असलेल्या भिंगातून अगदी सरळ वरून पाहिले, की दोन्ही चिन्हे एकावर एक दिसतात. तिरके पाहिले, तर जाडीमुळे ती उगाच सरकलेली भासतात. येथे ॲक्रिलिकचा कर्फ प्लायपेक्षा वेगळा असतो याची चिंता करावी लागत नाही, कारण व्ही त्याची काळजी घेते.

समजा कोरीव चिन्ह पदकाच्या खऱ्या केंद्रापासून ०.१ मिलिमीटर उजवीकडे पडते आहे. पदक उलटले की पहिले चिन्ह डावीकडे जाते आणि दुसरे पुन्हा उजवीकडेच पडते. दोघांमधले अंतर ०.२ दिसते. म्हणजे उलटण्याची क्रिया आडवी चूक दुप्पट करून दाखवते आणि दुरुस्ती करताना दिसलेल्या अंतराच्या निम्मीच करायची असते. पूर्ण अंतर सरकवले, तर चूक तेवढीच राहते, फक्त दुसऱ्या बाजूला जाते. उभी चूक मात्र या तपासणीत दिसतच नाही, कारण ती दोन्ही बाजूंना एकाच दिशेने होते. तिच्यासाठी पिन काढून पदक न उलटता घरातल्या घरात अर्धा फेरा फिरवायचे आणि पुन्हा चिन्ह कोरायचे. मग उभ्या दिशेतली चूकही दुप्पट होऊन समोर येते. ही दुसरी तपासणी प्लायच्याच पदकावर करावी लागते, कारण येथे व्यास महत्त्वाचा आहे. कोनासाठी ५० मिलिमीटरची आडवी रेघ दोन्ही बाजूंवर कोरली. कोनात चूक असेल, तर दोन रेघांची कात्री दिसते. रेघेच्या टोकाशी, म्हणजे केंद्रापासून २५ मिलिमीटरवर, ०.२ मिलिमीटरची फट दिसली, तर कात्री सुमारे ०.४६ अंशांची आणि खरी चूक तिच्या निम्मी, ०.२३ अंशांची.

माझ्या ॲक्रिलिकवर आडवी फट ०.२ मिलिमीटरच्या जरा आत दिसली. घरे याच यंत्राने, याच मोजणीत कापलेली असताना ही फट यावीच का, हे कोडे होते. तेच चिन्ह भरीव कोरीवकामाऐवजी रेघ मारण्याच्या पद्धतीने काढले, तेव्हा दोन्ही चिन्हे एकमेकांवर बसली आणि कारण उलगडले. कापताना डोके सेकंदाला १५ मिलिमीटरने चालते, तर कोरताना ३०० मिलिमीटरने इकडून तिकडे धावते. संगणकाने किरण चालू करायला सांगणे आणि किरण खरोखर पेटणे यांत हजारांश सेकंदाच्या काही भागाइतका उशीर असतो. तो ०.३ मिलिसेकंद धरला, तर ३०० च्या वेगाने डोके तेवढ्यात ०.०९ मिलिमीटर पुढे गेलेले असते. मी एकाच दिशेने कोरत होते, त्यामुळे संपूर्ण आकृती एकाच बाजूला तेवढी सरकत होती. दोन्ही दिशांनी कोरले, तर एक ओळ उजवीकडे आणि पुढची डावीकडे सरकते, मध्य जागेवर राहतो, पण अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दातेरी होतात. लाइटबर्नमध्ये प्रत्येक वेगासाठी ही भरपाई भरून ठेवण्याची सोय आहे. भरपाई नीट बसल्यावर दोन्ही दिशांनी कोरणे शक्य झाले आणि कामाचा वेळही बराच वाचला. कोरलेल्या ओळींमधले अंतर ०.१ मिलिमीटर, म्हणजे इंचाला २५४ ओळी, एवढे ठेवले; बर्चवर त्याहून दाट ओळी मारल्या, तर बारीक देवनागरी अक्षरांचे काने आणि मात्रा जळून जाड होतात.

आणखी एक गोष्ट तपासून घेतलेली बरी, ती म्हणजे किरण बेडवर लंब पडतो का. १० मिलिमीटर जाड ॲक्रिलिकचा चौकोन कापून त्याच्या चारही कडांना गुण्या लावून पाहावा. दोन समोरासमोरच्या कडा एकाच दिशेने झुकलेल्या दिसल्या, तर ते किरणाच्या निमुळतेपणाचे लक्षण नसून किरण तिरका असल्याचे आहे. दीड अंशाचा तिरकेपणा १० मिलिमीटरमध्ये ०.२६ मिलिमीटर दिसतो आणि आपल्या ३.७ मिलिमीटरच्या पदकात जवळजवळ ०.१ मिलिमीटर. हा तिरकेपणा वरखालच्या दिशेत असेल, तर असे पदक उलटले की त्याचा कल घराच्या कलाच्या विरुद्ध होतो आणि व्हीसुद्धा त्याला वाचवू शकत नाही. डोक्यावरच्या आरशाचे स्क्रू हलवून हा दोष काढता येतो, पण त्यानंतर जिगची घरे पुन्हा कापावी लागतात.

काम सुरू असताना वीज जाणे आमच्याकडे नवलाचे नाही. वीज आल्यावर यंत्र आपले शून्य नव्याने शोधते आणि कोपऱ्यातल्या स्विचला डोके टेकले की तेथून मोजू लागते. हा स्विच दर वेळी अगदी त्याच जागी दाबला जाईल असे नाही. म्हणून जिगच्या दोन कर्णकोपऱ्यांवर घरे कापतानाच बारीक अधिकचिन्हे कोरून ठेवली होती. वीज आल्यावर चिन्हावर कागदी चिकटपट्टीचा पातळ तुकडा लावायचा, डोके त्या चिन्हाच्या आकड्यांवर पाठवायचे आणि कमीत कमी शक्तीचा एक क्षणिक किरण सोडायचा. जळलेला ठिपका चिन्हाच्या मध्यावर पडला, तर काम पुढे चालू ठेवायचे. सरकला असेल, तर तेवढा फरक आकृतीला द्यायचा. एक चिन्ह सरकणे सांगते, दुसरे चिन्ह जिग फिरला नाही ना हे सांगते. वीज एकदा गेली त्या वेळी ठिपका ०.१ मिलिमीटर बाजूला पडला होता. तपासले नसते, तर त्यानंतरच्या पदकांच्या दोन बाजूंत ०.२ चा फरक आला असता.

प्रत्यक्ष पदके करणे त्यामानाने निरस आणि सुखाचे होते. प्लायच्या दोन्ही बाजूंना आधीच कागदी चिकटपट्टी लावून घेतली, त्यामुळे धुराचे डाग पडले नाहीत आणि कापताना बेडच्या जाळीवरून परतणाऱ्या किरणाचे ठिपके खालच्या बाजूला उमटले नाहीत. पट्टी गोलाबरोबरच कापली जाते, म्हणून ती कडेबाहेर येत नाही. बाक आलेला ताव मात्र वेगळा काढला. बाकदार पदक एका बाजूने ठेवले तर मध्ये उंच आणि उलटले तर मध्ये खोल असते, त्यामुळे किरणाचा बिंदू एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला फैलावलेला येतो, आणि रेघेची जाडी वेगळी झाली की केंद्र जुळूनही मेळ बिघडल्यासारखा वाटतो. घरात लाकडाची जळकी भुकटी साचते. दर फेरीला व्हीच्या दोन कडा आणि पिन ब्रशने झाडणे मदतनीस मुलीने आपणहून अंगी लावून घेतले, आणि तिच्या त्या सवयीचा उपयोग माझ्या सगळ्या गणिताइतकाच झाला.

पदकांनंतर आलेले एक काम या रीतीत बसणारे नव्हते. जुन्या सागवानी फळीच्या तुकड्यावर दोन्हीकडे मजकूर हवा होता; कडा हाताने तासलेल्या, कोणतीही कड सरळ नाही, जाडी १८ मिलिमीटर. जी वस्तू यंत्राने कापलेली नाही, तिच्यासाठी घर करण्यापेक्षा तिच्यावरच खुणा करणे बरे पडते. मजकुराबाहेर, एकमेकांपासून २०० मिलिमीटरवर, २ मिलिमीटरची दोन आरपार छिद्रे घेतली. लाइटबर्नमध्ये अशा दोन खुणांवर डोके नेऊन त्यांच्या जागा नोंदवल्या की आराखडा आपोआप सरकवला आणि फिरवला जातो. मागच्या बाजूसाठी खुणांच्या जागा आरशातल्यासारख्या उलट्या घ्यायच्या आणि मजकूर मात्र सरळ ठेवायचा. खुणा लांब असणे महत्त्वाचे आहे. खूण नोंदवताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर २०० मिलिमीटर अंतरावर तिचा कोन ०.०३ अंश होतो, २० मिलिमीटर अंतरावर ०.२९ अंश. छिद्रे हाती ड्रिलने न घेता उभ्या ड्रिल यंत्रावर घेतली, कारण १८ मिलिमीटरच्या जाडीत एका अंशाचा तिरपेपणा मागच्या बाजूला ०.३ मिलिमीटरचा फरक करतो. धातूच्या लहान चकत्यांसाठीही मी हल्ली हाच विचार करते, मात्र त्यांना फायबर लेझर लागतो आणि तो मी शेजाऱ्यांकडून करून घेते.

पदकांचा जिग पुढच्या स्पर्धेसाठी जपून ठेवायचा होता, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगते आणि व्हीच्या कडा मऊ पडतात. ॲक्रिलिकचा विचार केला, तर ते दमटपणाला एमडीएफइतकी दाद देत नाही, पण तापमानाला देते; ३०० मिलिमीटर लांबीचा तुकडा दहा अंशांच्या फरकाने सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतो, आणि एप्रिलच्या दुपारी व सकाळी एवढा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियम त्याच्या एक तृतीयांशच वाढते. म्हणून पायाची पाटी ॲल्युमिनियमची करून घेतली, तिच्यात मिस्त्रींनी रीमर मारून, म्हणजे छिद्रे नेमक्या मापाची करून, पोलादी पिना बसवून दिल्या, आणि व्हीची घरे असलेली वरची पाटी मात्र मी मुद्दाम एमडीएफचीच ठेवली आहे. ती दर कामाच्या आधी जुनी काढून टाकते आणि पाया बेडवर बसवून, पिनांच्या जागा नोंदवून, नवी पाटी तेथल्या तेथे कापून घेते.